मदत हवी आहे: सोआवे वाइन कडू लागतेय, उतरली का? (शनिवारच्या आत सांगा)

आडवाटेचा_पांथस्थ
मंडळी, जरा घाईचं काम आहे. घरमालकांनी सोआवेच्या (इटलीची पांढरी वाइन) दोन बाटल्या दिल्या. काल एक उघडली. आधी चव म्हणून नाही, नुसतं गार पाणी, आणि गिळल्यावर घशाशी कडवट. बायको म्हणते उतरलीये, ओतून टाक. दुसरी उघडायची हिंमत होत नाही. शनिवारी मालक-मालकीण आमच्याकडेच जेवायला येताहेत आणि ‘कशी वाटली?’ विचारल्याशिवाय राहणार नाहीत, कारण त्यांच्या भावाची द्राक्षं त्यात गेलीयेत. मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. खराब आहे का, आणि नसेल तर बोलायचं काय, एवढंच सांगा. ‘फ्लोरल’, ‘मिनरल’ असले शब्द नकोत, ते गूगलवर वाचून झालेत.

मिरजेचा_तंबोरा
साल कोणतं? क्लासिको लिहिलंय की नुसतं सोआवे? लेबलचा फोटो टाका.

नाशिककर_मामा
इटलीच्या पांढऱ्या वाइनमध्ये दम नसतो हो. आपली नाशिकची शेनाँ ब्लाँ आणा, पाहुणे खूश होतील. पैज लावतो.

बोटभर_चांदणं
परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही. बाटल्या मोज्यात गुंडाळून चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत चालत नाहीत.

आडवाटेचा_पांथस्थ
@चांदणं, मी कुठूनही येत नाहीये. @मामा, मी वेरोनात राहतो, दीड वर्ष झालं. इथे नाशिकची शेनाँ कुठून आणू? लेबलवर क्लासिको, २०२२, १२.५ टक्के.

मिरजेचा_तंबोरा
वेरोनात राहता हे तिसऱ्या प्रतिसादानंतर सांगताय! सोआवे गाव तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे राव. सान बोनिफाचोपर्यंत लोकल, पुढे बस. किल्ला तरी पाहून या.

पदुआची_पुरणपोळी
अकरा वर्षं याच भागात काढलीत म्हणून विचारते. किती गार होती? कशातून प्यायलात? आधी काय खाल्लं होतं? रंग कसा आहे? आणि वास भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट येतोय का?

आडवाटेचा_पांथस्थ
फ्रीझरमध्ये दोन तास ठेवली होती. वाइनचे ग्लास घरात नाहीत, स्टीलच्या फुलपात्रातून प्यायलो. आधी भाकरी आणि ठेचा. रंग फुलपात्रात काय दिसणार? वास नाहीच.

पंक्तीतला_शेवटचा
वेरोनात ठेच्याला मिरची कुठली वापरता? इथे म्युनिकला मिळते ती नुसती हिरवी दिसते, झणका शून्य.

पदुआची_पुरणपोळी
ठेचा!! अहो, ठेच्यानंतर अमृत दिलं तरी पाणीच लागेल. त्यात फ्रीझर. एवढ्या गारठ्यात वास वर येत नाही आणि कडवटपणा तेवढा टोचतो. तुमची बाटली ठणठणीत असणार. उतरलेली वाइन तपकिरीकडे झुकते, तिला कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो.

आणि तो कडूपणा दोष नाही, ओळख आहे. सोआवेत किमान ७० टक्के गार्गानेगा जातीची द्राक्षं लागतात, उरलेल्यात मुख्यतः त्रेब्बियानो दी सोआवे किंवा शार्दोने. शेवटी बदामासारखी कडवट चव गार्गानेगाची. लहानपणी जर्दाळू खाऊन झाला की बी फोडून आतला बदाम खायचो ना? तो गोड म्हणून चावावा आणि एखादा कडू निघावा, तसं.

नाशिककर_मामा
म्हणजे कडू लागलं तरी छान म्हणायचं. वा! त्रेब्बियानो म्हणजे तसंही पाणीच. भरपूर पिकते, चव शून्य. फ्रान्सवाले तिची कोन्याक ब्रँडी गाळतात, यातच काय ते आलं.

पदुआची_पुरणपोळी
मामा, कोन्याकची ती त्रेब्बियानो तोस्कानो, फ्रान्समध्ये तिला युनी ब्लाँ म्हणतात. सोआवेची त्रेब्बियानो निराळी, ती म्हणजे मार्के प्रांतातली वेर्दिक्कियो. आडनाव एक म्हणून घर एक होत नाही. पोकळ सोआवेही मिळते, नाही म्हणत नाही. सपाटीवरच्या बागांत भरमसाट पीक काढून स्वस्तात विकलेली. क्लासिको म्हणजे सोआवे आणि मोन्तेफोर्ते द'आल्पोने या गावांच्या जुन्या टेकड्यांवरची, तिथे बऱ्याच ठिकाणी काळा बसाल्ट आहे.

मिरजेचा_तंबोरा
बसाल्ट! म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच दगड की. अवांतर: दख्खनचे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे...

सावळजचा_बागाईतदार
तिकडे वेली मांडवावर घेतात का तारेवर? आमच्याकडे मांडव. आणि माल व्यापारी उचलतो का सोसायटी? पैसे वेळेवर देतात का?

पदुआची_पुरणपोळी
@बागाईतदार, जुन्या बागा मांडवासारख्याच, पेर्गोला वेरोनेझे म्हणतात. नव्या बऱ्याचशा तारेवर. सहकारी संस्था मोठ्या आहेत, तुमच्या साखर कारखान्यासारखं समजा. पैशांचं पांथस्थांच्या मालकांना विचारावं लागेल.

@पांथस्थ, बाटली साध्या फ्रिजमध्ये ठेवा, प्यायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. दहा-बारा अंश पुरे. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा काचेचा ग्लास घ्या, एक तृतीयांशच भरा. आधी चूळ भरा. काल उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आहे ना? तिच्यावरच करून बघा, एका दिवसात काही बिघडत नाही.

निर्व्यसनी_नारायण
असल्या धाग्यांनी तरुण पिढीपुढे काय आदर्श ठेवतो आपण? पाहुण्यांना कोकम सरबत द्या.

नाशिककर_मामा
नारायणराव, कोकम सरबताच्या धाग्यावर आम्ही येतो का?

आडवाटेचा_पांथस्थ
केलं. शेजारणीकडून दोन ग्लास आणले. काल नुसतं स्टील दिसत होतं, आज रंग दिसला: उन्हाळी गवताचा पिवळा, कडेला किंचित हिरवट. पहिला घोट अजून गारच होता, काही नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो. दहा-बारा मिनिटांनी पेअरसारखा वास. मग बायकोनं हुंगलं, म्हणाली, लिंबाची साल किसल्यासारखं वाटतंय, आणि आईच्या परड्यातल्या कुठल्यातरी पांढऱ्या फुलासारखं. फुलाचं नाव आठवत नाही म्हणून आता तिची चिडचिड चाललीये. आणि शेवटी जर्दाळूची बी! अगदी तीच. काल हेच कडू म्हणून ओतणार होतो.

आता बोलायचं काय ते सांगा. आणि जेवायला काय? आम्ही शाकाहारी, मागेच सांगायला हवं होतं बहुतेक.

पंक्तीतला_शेवटचा
बोंबील फ्राय म्हणणार होतो. जाऊ दे.

तांब्यापितळ
पनीर टिक्का. डोळे झाकून.

पदुआची_पुरणपोळी
मसालेदार काही नको, वाइन दबून जाईल. कोथिंबीर वडी करा, मिरची कमी घालून. वालाचं बिरडं ओल्या नारळाचं, सौम्य. ठेचा टेबलावर आणूच नका. बोलायचं म्हणाल तर ‘मांदोर्ला आमारा’, कडू बदाम. जास्त विशेषणं लावू नका, तिथली माणसं स्वतःच फार कौतुक करत नाहीत.

नाशिककर_मामा
पनीर टिक्का आणि शेनाँ. एकदा करून बघाच. +१ तांब्यापितळ.

आडवाटेचा_पांथस्थ
कालचं जेवण झालं. ‘मांदोर्ला आमारा’ म्हणालो. मालक म्हणाले, “सी, सी,” आणि वडीवर तुटून पडले. दोन मिनिटांनी स्वतःचा ग्लास उजेडाकडे धरून म्हणाले, भावाची द्राक्षं पांढरी म्हणतात, पण उशिरा, ऑक्टोबरात तोडली की सोनेरी होतात. त्यातलीच निवडून वाळवली की रेच्योतो, ती गोड, ती नाताळात देतो म्हणाले. मालकिणीला ठेचा दिसलाच, फ्रिजमध्ये मागे दडवला होता. बोटावर घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी परत घेतला. वरून वाइनचा घोट. मी पुरणपोळीताईंची मनात माफी मागितली.

@बागाईतदार, पैशांचं विचारलं. संस्था हप्त्यांनी देते म्हणाले आणि विषय बदलला.

सावळजचा_बागाईतदार
म्हणजे तिकडेही तेच.

पंक्तीतला_शेवटचा
पण मिरची कुठली, ते राहिलंच की.