मुका मार, नॉर्मल रिपोर्ट आणि सुया

सांजवेळ:
"डोक्याला मार लागल्यावर सुया टोचून घेणारी माणसं दुखण्यापेक्षा रिकामपणाने जास्त हैराण असतात. ते दुखणं तीन महिन्यांत आपसूक जातं आणि श्रेय सुईला मिळतं." परवाच्या अ‍ॅक्युपंक्चरवरच्या चर्चेत 'सरळरेघ' यांनी हे लिहिलं. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं दुखणं तीन महिन्यांत गेलं नाही. खालच्या कप्प्यातलं काढायला ओणवी झाले होते. उठताना वरच्या कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा उजव्या कानाच्या मागे बसला. खोक नाही, रक्त नाही, शुद्धही हरपली नाही. टेंगूळ आलं आणि दोन दिवसांत बसलं. चौथ्या दिवशी सकाळी त्याच जागेवरून ठणका सुरू झाला, तो भुवईपर्यंत यायचा. कॉम्प्युटरसमोर अर्धा तास बसलं की ओळी एकमेकींवर चढायच्या. सीटी स्कॅन नॉर्मल आला.

चार महिने वेदनाशामक गोळ्या घेतल्या, आधी दिवसाआड, मग रोज. शेवटी एका डॉक्टरांनी सांगितलं की साध्या गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. बंद केल्या. पहिले दहा-बारा दिवस काय गेले ते माझं मला माहीत. नंतर डोकेदुखी टाळण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन नावाची गोळी दिली. तोंडाला कोरड पडायची, सकाळी दहापर्यंत पापण्या जड असायच्या, तीन आठवड्यांत सोडली.

सहावा महिना फक्त वहीत लिहिण्यात घालवला. त्या महिन्यात 23 दिवस डोकं दुखलं. त्यानंतर सात आठवड्यांत अ‍ॅक्युपंक्चरच्या 10 बैठका घेतल्या. नवव्या महिन्यात 11 दिवस दुखलं. आज वर्ष होतंय, गेल्या महिन्यात 12 दिवस दुखलं. मी बरी झाले असं कुठेही म्हणत नाही. पण 23 आणि 12 मधला फरक ज्याचं डोकं दुखतं त्याला विचारा. याला रिकामपण म्हणायचा अधिकार कोणी दिला?

सरळरेघ:
ताई, तुम्हाला त्रास झाला याबद्दल शंका नाही. पण उत्तर तुमच्याच लेखात आहे. तुम्ही रोजच्या गोळ्या बंद केल्यात. त्या सुटल्यावर डोकं शांत व्हायला दोन महिनेही लागतात. तुमचा 23 दिवसांचा महिना नेमका त्याच काळात येतो. मग फरक गोळ्या सोडल्याने पडला की सुईने?

आता पुरावा. जर्मनीतला 2005 चा प्रयोग, मायग्रेनचे 302 रुग्ण. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 51 टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्याने कमी झाली. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकी 53 टक्के लोकांची. नुसतं प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांपैकी 15 टक्के. खरा बिंदू आणि खोटा बिंदू सारखेच निघाले, म्हणजे अंगावरच्या बिंदूंचे ते सगळे नकाशे निरुपयोगी आहेत. आणि हा प्रयोगही मायग्रेनचा, मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीचा नव्हे.

सांजवेळ:
तुम्ही 51 आणि 53 बघता, मी 15 बघते. मी त्या 15 च्या रांगेत पाच महिने काढले आहेत. बिंदू खरा की खोटा याची उठाठेव संशोधकांनी करावी, मला रात्री झोप हवी होती.

गोळ्या सोडल्याचा वाटा असू शकतो, हे मान्य. तेवढ्यापुरतंच.

उंबरा:
सरळरेघ, एकाच प्रयोगावर का थांबलात? वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2016 मध्ये मायग्रेनवरचे 22 प्रयोग एकत्र तपासले, जवळपास 5,000 माणसं. डोकेदुखी निम्म्याने कमी झालेले खऱ्या सुईत 100 पैकी 50, नकली सुईत 41. फरक लहान आहे, पण आहे. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही 2012 मध्ये ताणाच्या जुनाट डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत 10 पर्यंत बैठकांचा विचार करावा असं सांगितलं. सांजवेळ यांनी केलं ते त्याच मापात बसतं.

आणि मायग्रेनचे आकडे इथे चालणार नाहीत म्हणता, तर गोळ्या कुठून आल्या? अमिट्रिप्टिलिन, प्रोप्रानोलॉल, टोपिरामेट. मार लागल्यानंतरच्या डोकेदुखीला ही सगळी उसनवारी मायग्रेनकडून आणि ताणाच्या डोकेदुखीकडूनच आहे. उसनं घ्यायचं तर नियम दोन्हीकडे एकच लावा.

सरळरेघ:
उसनवारीचा मुद्दा बरोबर आहे. पण 100 पैकी नऊ माणसांच्या फरकासाठी लोकांना आठवड्यामागून आठवडे खेपा घालायला लावायच्या का? मी नाही लावणार.

सुईधागा:
मी हे काम करते म्हणून लिहिते. 'टोचून घेणं' या शब्दाने इंजेक्शन डोळ्यांसमोर येतं. आमची सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच बारीक. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या उंचवट्यावर, ज्याला हेगू म्हणतात, तिथे टोचली की बहुतेकांना जड, ओढल्यासारखं वाटतं. गरोदरपणी तो बिंदू आम्ही टाळतो. मानेत कवटीखालच्या दोन खळग्यांत टोचताना सुई किती खोल आणि कुठल्या दिशेने जाते याला फार महत्त्व आहे, म्हणून शिकलेल्या हाताकडेच जा. ब्रिटनमध्ये 34 हजारांवर बैठकांची नोंद ठेवली गेली, ती 2001 साली प्रसिद्ध झाली, त्यात एकही गंभीर इजा आढळली नाही. आणि ड्राय नीडलिंग नावाने आमचीच सुई दुसरे लोक दोन दिवसांचं शिबिर करून वापरतात, त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही.

हातगुण:
फिजिओथेरपिस्ट आहे. 'आमचीच सुई' हे मान्य नाही. आम्ही स्नायूतली आवळलेली गाठ शोधतो, नकाशा बघत नाही.

मुख्य मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहितो. डोक्यावर आघात झाला की मानेलाही हिसका बसतो. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूचे निरोप एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून दुखणं मानेत आणि ठणका भुवईत असं होतं. सांजवेळ यांचं वर्णन, कानामागून भुवईपर्यंत, अगदी तसं आहे. कोणी मान तपासली होती का?

सांजवेळ:
सहा महिन्यांत कोणीही मानेला हात लावून पाहिलं नाही. पहिला हात सुया देणाऱ्या बाईंनी लावला. दार कुठे लागलं, कुठल्या कुशीवर झोपता, उशी किती जाड, हे सगळं विचारलं. चाळीस मिनिटं. त्याआधी सगळीकडे रिपोर्ट वर धरून बघितला आणि "नॉर्मल आहे" म्हणाले.

गारवेल:
त्या दोन शब्दांवर मला लिहायचंच होतं. माझी मुलगी तेरा वर्षांची. खेळताना चेंडू कपाळावर बसला. रिपोर्ट नॉर्मल. त्यानंतर वर्गात दुसऱ्या तासाला तिचं डोकं दुखायचं, फळ्यावरचं उतरवता यायचं नाही. शाळेत सांगितलं तर उत्तर मिळालं, "रिपोर्टमध्ये तर काही नाही." परीक्षेच्या तोंडावर निमित्त काढते असं तिच्या तोंडावर म्हटलं गेलं. पोरीने नंतर सांगणंच बंद केलं. एक दिवस बघते तर वहीच्या पानावर एका डोळ्यावर हात ठेवून लिहीत होती, ओळी दोन दिसू नयेत म्हणून. त्या दिवशी मला कळलं की दुखणं थांबलेलं नाही, फक्त तिने बोलणं थांबवलंय.

पैलतीर:
अगदी हेच! माझ्या नवऱ्याच्या कचेरीत साहेब म्हणाले, "पट्टी नाही, टाके नाहीत, मग सुट्टी कशाची?" हात मोडला असता तर प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या असत्या. मुक्या माराला कोणी वाली नाही. चार महिने त्याने गॉगल लावून काम केलं आणि त्यावरूनही ऐकून घेतलं.

रात्रपाळी:
अपघात विभागात काम करतो. तुमचा सगळा राग 'नॉर्मल' या शब्दावर निघतोय म्हणून सांगतो. सीटी स्कॅन आम्ही रक्तस्राव आणि हाड मोडलंय का हे बघायला काढतो. मेंदूला बसलेला हिसका त्यात दिसत नाही. मी 'नॉर्मल' म्हणतो तेव्हा जिवाला धोका दिसत नाही एवढंच सांगत असतो. दुखत नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. बाहेर आणखी वीस माणसं बसलेली असतात हो.

गारवेल:
डॉक्टर, तुम्ही म्हणाला नसाल, पण ऐकणाऱ्याला तेच ऐकू येतं. एक वाक्य जास्त बोलायला किती वेळ लागतो? "यात दिसत नाही, तरी दुखू शकतं, काही आठवडे दुखेल." हे एवढंच कागदावर लिहून दिलं असतं तर माझ्या मुलीला खोटारडी ठरवायची कोणाची छाती झाली नसती. वीस माणसांचं कारण मला सांगू नका. आणि आम्हाला तर तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत ठेवा म्हणून सांगितलं होतं. पोर रडून रडून अर्धी झाली.

रात्रपाळी:
तीन आठवडे अंधार हे चुकीचंच. आता पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि मग हळूहळू चालणं-फिरणं वाढवायचं असं सांगतात, खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवरच्या आम्सटरडॅमच्या 2022 च्या परिषदेतही हेच ठरलं. पण खरं सांगायचं तर कित्येक वर्षं मीही अंधारच सांगत होतो. तुमचं ते वाक्य कागदावर लिहून द्यायला हरकत नाही. उद्यापासून देतो. मात्र सुईला माझा पाठिंबा आहे असं यातून कोणी समजू नये. खांद्याच्या वरच्या भागात खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला छिद्र पडतं, क्वचित पडतं, पण पडतं.

पैलतीर:
म्हणजे हे कळायला एका आईने इथे येऊन भांडावं लागलं.

रात्रपाळी:
भांडलात म्हणून नाही. बरोबर बोललात म्हणून.

सरळरेघ:
सगळे रडगाण्यावर उतरलात आणि मूळ प्रश्न राहिला बाजूला.

गारवेल:
रडगाणं? शब्द परत घ्या.

सांजवेळ:
आधी रिकामपण, आता रडगाणं. सरळरेघ, तुमच्या घरी कोणाचं डोकं असं दुखलंय का कधी?

सरळरेघ:
दुखलंय. सांगणार नव्हतो.

माझे काका, वय 74, रक्त पातळ करणारी गोळी चालू. ओल्या फरशीवर पाय सटकला, डोकं भिंतीवर आपटलं. त्याच दिवशी स्कॅन, स्वच्छ. चार आठवडे ठीक गेले, पाचव्यात डोकं दुखायला लागलं. रोज थोडं जास्त. घरात कोणीतरी म्हणालं, स्कॅन तर झालेलाच आहे, सुया करून बघू. नऊ दिवस केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना बरंही वाटलं, तसं ते स्वतः म्हणाले. दहाव्या दिवशी डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. त्यांच्या ते लक्षातच येत नव्हतं, मागे पडलेली चप्पल मी उचलून आणली. पुन्हा स्कॅन केला तेव्हा कवटीच्या आत रक्त साचून मेंदू एका बाजूला सरकलेला. कवटीला छिद्रं पाडून ते काढलं. वाचले. पण डाव्या हाताने आजही शर्टाची बटणं लावता येत नाहीत.

रक्त सुईने साचलं नाही, हे मला माहीत आहे. सुईच्या भरवशावर नऊ दिवस गेले. सुया लावायला नेणाऱ्यांत मी होतो.

उंबरा:
सरळरेघ, हे आधी लिहायला हवं होतंत. तुमचे सगळे प्रतिसाद आता वेगळे वाचता येतात.

सुईधागा:
वाढत जाणारी डोकेदुखी, वय आणि ती गोळी, हे ऐकल्यावर सुई हातातच घ्यायला नको होती. आमच्यापैकी ज्याने घेतली त्याची ती चूक. यात मी कोणाची बाजू घेणार नाही.

रात्रपाळी:
सगळ्यांसाठी: पहिला स्कॅन स्वच्छ असला तरी असं रक्त काही आठवड्यांनी साचू शकतं, विशेषतः वयस्कर माणसांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत. दुखणं दिवसेंदिवस वाढतंय, पुन्हा पुन्हा उलटी होते, माणूस गुंगीत राहतो, बोलणं अडखळतं, हातपाय लुळा पडतो, फीट येते, नाकातून पाण्यासारखं गळतं, यातलं काहीही असेल तर सुया, मालीश, घरगुती इलाज सगळं बाजूला ठेवून थेट रुग्णालयात या.

सांजवेळ:
सरळरेघ, मला कल्पना नव्हती. माझा प्रश्न बोचरा होता, त्याबद्दल वाईट वाटतं. डॉक्टरांची ही यादी मूळ लेखात सगळ्यात वर टाकते. सुया सुरू करण्याआधी मी स्वतः फक्त जुन्या स्कॅनच्या जोरावर निघाले होते, हे आता लिहिताना अंगावर येतंय.

पण माझी बाजू मी सोडत नाही. धोका नाही हे पक्कं झालं, दुखणं महिनोन्महिने एकाच पातळीवर आहे, गोळ्या झेपत नाहीत, अशा माणसाने ठरावीक 10 बैठका घेऊन बघाव्यात. वहीत फरक दिसला नाही तर सोडून द्याव्यात. अकरावी बैठक आशेवर घेऊ नये. आणि यात रिकामपण कुठेही नाही.

सरळरेघ:
रिकामपण आणि रडगाणं, दोन्ही शब्द मागे घेतो. गारवेल, तुमच्या मुलीबद्दल तसं बोलायला नको होतं. बिंदूंबद्दल लिहिलं ते तसंच ठेवतो. तुमच्या अटी पाळून कोणी गेलं तर अडवणार नाही, जा असंही सांगणार नाही.

हातगुण:
आणि मान तपासा. तिसऱ्यांदा सांगावं लागू नये.

कोवळंऊन:
इतके दिवस नुसती वाचत होते. मला मार लागून चार महिने झाले. डॉक्टरांनी पुन्हा तपासलंय, धोका नाही म्हणाले. सांजवेळताई, वहीत नेमकं काय लिहायचं?

सांजवेळ:
तारीख. दुखलं की नाही. किती, शून्य ते दहा. किती तास. गोळी घेतली का आणि कुठली. जास्त लिहायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळा येतो. आणि दुखलं नाही त्या दिवशीही लिहा, तेच दिवस आपण विसरतो.

सरळरेघ:
झोपेचाही रकाना ठेवा. आणि सुया सुरू करायच्या आधी अख्खा एक महिना नुसतं लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

सांजवेळ:
मी केला होता तो महिना. 23 दिवसांचा.