मदत हवी आहे: मधुमेह, अंगठ्याचं जाड नख आणि कोपऱ्यात लाली

वडील ६७ वर्षांचे, मधुमेह १५ वर्षं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.२. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळट आणि इतकं जाड झालंय की नेलकटरच्या तोंडात मावत नाही. बाहेरच्या कोपऱ्यात दोन दिवसांपासून लाली आहे. पू नाही, ताप नाही, "दुखत नाही" म्हणतात. कोपरा कोरून काढावा का? केमिस्टने फंगसची ट्यूब दिलीय, ती लावू का? आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो.

प्रतिसाद १

दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. लाल झालेला नखाचा कोपरा दुखायलाच हवा.

आधी संवेदना तपासा. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर पायाची जाणीव कमी झालीय असं धरा.

कोपरा अजिबात कोरू नका. कोरताना आत नखाचा बारीक काटा उरतो, तो वाढताना मांसात रुततो आणि नखुरडं होतं. साखर जास्त असली की ते बोटापुरतं राहीलच असं नाही.

आज एवढंच करा: कोमट पाणी, साबण, टिपून कोरडं, पोव्हिडोन आयोडीन, वर सैल गॉज. पट्टी बोटाभोवती आवळून गुंडाळू नका. मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून बसणं बंद; कातडी भिजून फुटते आणि भाजलं तरी कळत नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढून तारीख-वेळ लिहा. उद्या कळव्याच्या महापालिका रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीला किंवा तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना दाखवा. लाली २ सेंमीच्या पुढे सरकली, पू किंवा वास आला, कातडी काळी पडली, ताप आला किंवा साखर कारणाशिवाय चढली, तर उद्याची वाट न बघता लगेच निघा.

प्रतिसाद २

ट्यूबवर "क्लोबेटासॉल" किंवा "बेक्लोमेथासोन" लिहिलंय का बघा. असेल तर लावू नका. स्टेरॉइडने लाली दबते, फंगस आतून पसरतं.

पिवळं जाड नख म्हणजे फंगसच, असंही नाही. बुटाच्या दाबाने किंवा रक्तपुरवठा कमी झाल्यानेही नख असं होतं. त्वचारोगतज्ज्ञांकडून केओएच तपासणी (नखाच्या नमुन्यात फंगस आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करून घ्या. नमुना नखाच्या टोकाचा नको, नखाखालच्या भुशाचा, जितका आतून मिळेल तितका. फंगस निघालंच तर सहसा टर्बिनाफीन २५० मिग्रॅ, दिवसातून एक, १२ आठवडे. त्याआधी लिव्हरची तपासणी. इट्राकोनाझोल हे दुसरं फंगसचं औषध सुचवलं तर वडिलांची कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्यास ती आणि हृदयाचा त्रास असल्यास तोही नक्की सांगा, त्यांच्याशी या औषधाचं जमत नाही. तीन महिन्यांनी नख तसंच दिसलं तर गोळी वाया गेली असं समजू नका. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटरच वाढतं; अंगठ्याचं पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

धागाकर्ती

लाली गेल्यावर हे नख कापायचं कसं? आणि ते रोज तलावपाळीला सँडल घालून फिरायला जातात. पावसात काय करायचं?

प्रतिसाद ३

अंघोळीनंतर नख मऊ असतं तेव्हा. आधी वरून कानशीने पातळ करा, एकाच दिशेने. मग सरळ रेषेत, छोटे छोटे चावे घेत कापा. मिलिमीटरभर नख बाहेर राहू द्या. कोपरे कापायचे नाहीत, फक्त घासायचे. नेलकटर त्यांचं एकट्याचं. साबण-ब्रशने धुऊन मग ७० टक्के स्पिरिट. मळावर नुसतं स्पिरिट ओतून उपयोग नाही. पायाची नाडी मंद लागते असं डॉक्टर म्हणाले तर घरी कापूच नका. पार्लरच्या निळ्या दिव्याच्या पेटीवर भिस्त ठेवू नका, तिने अवजारं निर्जंतुक होत नाहीत. कुरूपावरच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यातल्या ॲसिडने चांगली कातडी जळते.

पावसात बोटांच्या बेचक्या कोरड्या हव्यात, नाहीतर चिखल्या होतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं. व्हॅसलिन टाचेला आणि तळव्याला, बेचक्यांत नाही. वंदना सिनेमापाशी तुंबतं तसल्या पाण्यात जखमेचा पाय गेलाच तर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा; लेप्टोची (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) प्रतिबंधक गोळी द्यायची का ते ठरवतील.

(वाचणाऱ्या बायकांसाठी: पाय सुजतात त्यांनी जोडवी रात्री काढून खालची कातडी बघा. नेलपॉलिशखाली नखाचा रंग दिसत नाही, तेही लक्षात असू द्या.)

धागाकर्ती

स्पर्श तपासला. सहापैकी दोन कळले नाहीत, दोन्ही उजव्या पायाचे. लाली १ सेंमी, रेघेच्या आतच आहे.

प्रतिसाद १

मग तलावपाळी बंद, घरातही अनवाणी नाही. उद्या जाताना ते सँडल सोबत न्या. अंगठ्यापाशी आतून कुठे झिजलंय ते डॉक्टरांना दाखवा, दाब कुठून येतो ते तिथेच सापडेल.