ईस्टर बेटाजवळ खडकाळ तळावर नांगर टाकण्याविषयी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही पुण्यातील तिघे फेब्रुवारीत ३८ फुटी शिडाच्या नौकेतून ईस्टर बेटावर पोहोचणार आहोत. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवरच्या या बेटाला सर्व बाजूंनी आडोसा देणारे बंदर नाही. त्यामुळे वारा फिरला की बेटाभोवतीच्या नांगर टाकण्याच्या जागांपैकी हांगा रोआहून आनाकेनाकडे किंवा विनापूकडे हलावे लागेल आणि एक जण कायम नौकेवर राहील, हे आम्ही गृहीत धरले आहे.

खरी अडचण तळाची आहे, कारण तेथे वाळूत मधूनमधून खडक आहेत. आमच्याकडे २० किलोचा नांगर, १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी आणि तिला जोडलेला ६० मीटर नायलॉनचा दोर आहे. नाळेच्या (नौकेच्या पुढच्या टोकाच्या) पाण्यापासूनच्या उंचीसह २० मीटर खोली धरून पाचपट लांबी सोडायची, तर ४० मीटर दोरही पाण्यात जातो. साखळीच १४० किलोच्या आसपास भरते, म्हणून नाळेत आणखी वजन नको आहे.

मांडव्याच्या चिखलात सराव केला, पण त्यातून खडकाचा अंदाज येत नाही. मुरूडजवळ एक रात्र खडकाळ तळावर काढली, तेव्हा साखळीच्या जोडाजवळ दोराचा एक पीळ अर्धा कापला गेला होता. साखळी व दोर खडकावरून उचलून धरण्यासाठी बोये (पाण्यात तरंगणारे गोळे) बांधतात, हे ठाऊक आहे. परंतु अशा खोलीत पहिला बोया नांगरापासून किती अंतरावर बांधावा, आणि जोर वाढल्यावर नांगराची पकड ढिली होऊ नये यासाठी एकूण किती बोये पुरेत?