प्रतिसाद : स्त्रियांच्या आत्मचरित्रांविषयी

स्त्रियांच्या आत्मचरित्रांपैकी आधी कोणते वाचावे, या प्रश्नावर येथील चर्चेत बहुतेकांनी रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) सुचवले आहे. ते महत्त्वाचे आहेच. पतीच्या आग्रहावरून शिकणाऱ्या आणि त्यासाठी घरातल्या बायकांचा रोष सोसणाऱ्या तरुण स्त्रीची कुचंबणा त्यात स्वच्छ दिसते. तरीही सुरुवात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

हे आत्मचरित्र 1934पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. पती नारायण वामन टिळकांनी 1895मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाईंवर ओढवलेला विरह, नातेवाइकांच्या आश्रयाने काढलेले दिवस आणि पुढे 1900मध्ये त्यांनी स्वतः विचारपूर्वक घेतलेला तोच निर्णय, हे सारे त्या इतक्या निर्मळ आणि विनोदी बोलीत सांगतात की दुःख कोठेही झाकले जात नाही आणि त्याचे प्रदर्शनही होत नाही. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची प्रकरणे तर मोठ्याने वाचावीत. शिक्षण बेताचे असलेल्या स्त्रीने लिहिलेले इतके जिवंत मराठी गद्य मला अन्यत्र क्वचितच आढळले. जुन्या भाषेची धास्ती वाटते असे येथे एका वाचकाने लिहिले आहे. 'स्मृतिचित्रे'बाबत ती बाळगू नये, कारण वाक्ये छोटी आणि बोलल्यासारखी आहेत. संक्षिप्त आवृत्ती मात्र शक्यतो टाळावी.

त्यानंतर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' अवश्य घ्यावे. पहिल्या दोन पुस्तकांतील घरांच्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या गेलेल्या महार स्त्रियांचे जगणे, भूक आणि आंबेडकरी चळवळीने आलेली जाग त्यात आहे.