शिडाची नौका पाणबुडीपुढे काय करणार?

वर विचारलंय, पाणबुडीपुढे शिडाच्या नौकेचा काय उपयोग? उपयोग होता तो तिच्या शांततेचा. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मालवाहू जहाजं बुडवत होत्या, आणि गस्तीला जहाजं पुरत नव्हती. म्हणून तटरक्षक दलाने हौशी लोकांच्या यॉट घेतल्या. नुसत्या शिडांवर चाललेल्या नौकेला इंजिनाची घरघर नसते, त्यामुळे पाण्याखालची चाहूल नीट लागते.

त्यातली 'झायडा' मला फार जवळची वाटते. गस्तीवर तिचं नाव गेलं, उरला नुसता क्रमांक : सीजीआर-३०७०. ३ डिसेंबर १९४२ च्या वादळात तिची मागची डोलकाठी मोडली. नऊ जण ऐन थंडीत, गळक्या नौकेत जवळपास तीन आठवडे अटलांटिकवर भरकटत राहिले. विमानं, जहाजं शोधत होती. एका विनाशिकेने गाठलंही, पण ओढून नेताना ती पुन्हा हातची सुटली. मला तो क्षण सगळ्यात जड जातो. अखेर नौदलाच्या ब्लिम्पला, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या फुग्याच्या जहाजाला, ती नॉर्थ कॅरोलिनाजवळ दिसली. नाताळच्या तोंडावर नऊच्या नऊ जण जिवंत परतले.