स्टारक्राफ्टची कापलेली युनिट्स खेळून बघायची आहेत, १५०० रुपयांत काय घेऊ?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. १९ मे २००७ ला सोलमध्ये स्टारक्राफ्ट २ हा अवकाशात सैन्य उभारून लढायचा गेम जाहीर झाला. त्याचा व्हिडिओ मी सायबर कॅफेत बसून तुकड्यातुकड्यांनी उतरवून पाहिला होता. मदरशिप कृष्णविवर उघडते आणि अख्खी बॅटलक्रूझरं आत ओढली जातात, ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. त्या काळात टेंपेस्ट, सोल हंटर, कोब्रा अशी युनिट्सची, म्हणजे सैन्यातल्या वाहनांची आणि जहाजांची, नावं वाचत होतो. २०१० ला गेम हातात आला तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

आता मला ही कापलेली युनिट्स स्वतः खेळवायची आहेत, नुसती चित्रं नकोत. बजेट १५०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. लॅपटॉप जुना आहे: आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेमचा पुढचा भाग हार्ट ऑफ द स्वार्म घेऊ, जुनी कलेक्टर्स एडिशन शोधू, की आणखी काही? सगळ्यात जास्त ओढ कोब्राची आहे.

जुना_बाजार
कलेक्टर्स एडिशनच घ्या, डोळे मिटून. माझ्याकडे विंग्स ऑफ लिबर्टीची, म्हणजे २०१० च्या पहिल्या भागाची आहे. १७६ पानांचं चित्रांचं पुस्तक, साउंडट्रॅकची सीडी, पडद्यामागच्या गोष्टींची डीव्हीडी आणि गेमच्या नायकाच्या, रेनरच्या, गळ्यातल्या बिल्ल्यासारखा २ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यात मूळ स्टारक्राफ्ट आणि त्याची पुरवणी ब्रूड वॉर आधीच भरलेले. अशी वस्तू पुन्हा होणार नाही. १५०० मध्ये बसणार नाही, पण थोडं थांबून पैसे जमवा.

एक सांगतो, सीलबंद नसेल तर घेऊ नका. मी दुसरा बॉक्स भावासाठी एका विक्रेत्याकडून मागवला, तर आतली की (गेम सुरू करायचा कोड) आधीच वापरलेली निघाली. पैसे गेले ते गेलेच.

ठाणेकर_७
आधी लॅपटॉप बदला. आय३ वर दोनशे झर्गलिंग (झर्ग जमातीचे छोटे प्राणी) आले की स्लाइड शो होतो. मी गेल्या वर्षी ग्राफिक्स कार्डवाला घेतला, सगळं अल्ट्रावर चालतं.

कीबोर्डवाली
ठाणेकर, ते १५०० म्हणतायत आणि तुम्ही लॅपटॉप सांगताय!

रात्रपाळी, एक रुपयाही खर्च करू नका. १४ नोव्हेंबर २०१७ पासून विंग्स ऑफ लिबर्टीची पूर्ण मोहीम, म्हणजे एकट्याने खेळायची कथा, फुकट आहे. अंदाजे ३० जीबी जागा लागेल, ग्राफिक्स लो ठेवा, तुमच्या मशीनवर चालेल. माझं त्याहून जुनं होतं.

कापलेली बरीच युनिट्स या मोहिमेत येऊन बसली आहेत. डायमंडबॅक घ्या. तरंगता रणगाडा, रेलगन, चालता चालता मारतो, चिलखती शत्रूंवर भारी. कोब्राची कल्पना हीच होती. रेल्वे लुटायच्या मिशनमध्ये तो मिळतो आणि तिथे त्याची खरी गंमत कळते, कारण गाडी पळत असते आणि थांबून नेम धरायला वेळच नसतो.

हायवे_४
विंग्स ऑफ लिबर्टी आता फुकट आहे, तेच घ्या. डायमंडबॅक पाहा, कोब्रासारखाच आहे.

सुपारीबाग
हर्क्युलिसपण त्याच मोहिमेत मिळतो ना? २०१४ च्या ब्लिझकॉनला, ब्लिझार्ड कंपनीच्या मेळाव्यात, दाखवून लेगसी या तिसऱ्या भागातून काढला तो. फेकायच्या हुकवाला.

कीबोर्डवाली
नाही, ते दोन वेगळे. हुकवाला तो हर्क, तो लेगसी ऑफ द व्हॉइडसाठी दाखवला होता आणि २०१५ च्या रिलीजमध्ये आला नाही. मोहिमेतला हर्क्युलिस म्हणजे मोठं वाहतुकीचं जहाज. झर्ग संशोधनाचे १५ गुण झाले की प्रिडेटर किंवा हर्क्युलिस यातलं एकच निवडता येतं, म्हणून त्याआधी सेव्ह करून ठेवा. आणि प्रिडेटर हे नाव सुरुवातीला एका टेरन (माणसांच्या बाजूच्या) विमानाचं होतं. विमान गेलं, नाव मांजरासारख्या यंत्राला मिळालं.

मेक_प्रेमी
कोब्रा राहू दे, वॉरहाउंड हे टेरनांचं चालतं यंत्र बघा. त्याच्यावर अन्याय झाला. २०११ ला दाखवला तेव्हा झर्गच्या उडत्या म्युटालिस्कांच्या थव्यावर क्षेपणास्त्रं सोडायचा, थॉर या मोठ्या यंत्राची जागा घेणार होता. मग हवेतला मारा काढून घेतला आणि स्वार्मच्या २०१२ च्या बीटातून (चाचणी आवृत्तीतून) पूर्णच हाकलला. टेरनांना यंत्रांनी खेळायची एक वाट मिळत होती, तीही बंद.

पायथ्याशी
बीटा मी खेळलोय, म्हणून सांगतो. वॉरहाउंड जाणं योग्यच होतं. पाच-सहा बनवायचे, हल्ल्याचं बटण दाबायचं, संपलं. यांत्रिक शत्रूंवर त्याची हेवायर क्षेपणास्त्रं आपोआप सुटायची. रणगाडा एका जागी रोवून बसवायला जागा बघावी लागते, विचार करावा लागतो, आणि समोरून हा नुसता चालत येऊन त्याला फोडायचा. मग टँक कोण बनवेल? श्रेडरचंही तसंच. एका जागी उभा राहून भोवती मारा करणारा रोबोट, आपलं युनिट जवळ आलं की बंद पडायचा. शत्रूच्या कामगारांत नेऊन सोडला की तिथे त्याची माणसं आणि तुमचं कुणीच नाही, म्हणजे बंद पडायचा प्रश्नच नाही. त्याच्या जागी विडो माइन ही सुरुंगासारखी आली, ती निदान वाट बघायला लावते.

मेक_प्रेमी
आकडे कमी करता आले असते. अख्खं युनिट कापायची गरज नव्हती. झर्गचा लर्कर पाहा, २०१० च्या गेममधून बाहेर ठेवला आणि २०१५ ला मानाने परत आणला. कॅरियर जहाजसुद्धा काढणार म्हणाले होते, राहिला ना?

पायथ्याशी
लर्करला स्वतःचं काम होतं. तो जमिनीत पुरूनच मारतो, म्हणून तुम्हाला जागा निवडावी लागते. वॉरहाउंडचं काम मरॉडर हा टेरन सैनिक आधीच करत होता. आकडे कमी केले तरी तेच राहिलं असतं.

गलबतवाला
सगळे २ बद्दलच बोलताय. सुरुवातीचा आराखडा म्हणजे १९९६ ची, ई३ या गेम प्रदर्शनातली आवृत्ती. ब्लिझार्डच्याच ऑर्कवाल्या वॉरक्राफ्ट २ या गेमच्या इंजिनावर, जांभळट, लोक म्हणाले अवकाशातले ऑर्क. त्यानंतर इंजिन नव्याने लिहिलं, म्हणून १९९८ ला तो गेम मिळाला. युनिटच काय, अख्खा गेम कापून परत केला! मूळ स्टारक्राफ्ट एप्रिल २०१७ पासून फुकट आहे, तोच घ्या. आय३ ला काहीच वाटणार नाही.

ठाणेकर_७
फुकट गेमला जुना लॅपटॉप चालेल, पण पुढे काय? मी म्हणतोय ते लक्षात ठेवा.

डेटा_शेतकरी
एडिटरबद्दल कुणी बोललं नाही. गॅलक्सी एडिटर, म्हणजे स्वतःचे नकाशे आणि युनिट्स करायचं साधन, गेमसोबत येतो. नवा नकाशा करा, डिपेंडन्सीमध्ये स्वार्मचा डेटा जोडा आणि यादीत वॉरहाउंड शोधा. मी तसाच उभा करून खेळलो आहे.

कोब्रा मात्र तयार मिळणार नाही. डायमंडबॅकची नक्कल करून घ्या आणि वेग वाढवा. शून्यातून करायला जाऊ नका. डेटा एडिटरमध्ये युनिट, अ‍ॅक्टर, वेपन (शस्त्र), इफेक्ट (त्याचा परिणाम) ही चार टोकं एकमेकांना बांधावी लागतात, एक सुटलं की युनिट दिसतच नाही किंवा मारतच नाही. मला पहिलं युनिट चालवायला तीन आठवडे लागले. ज्यांना खेळायचं आहे त्यांनी आधी मोहीमच खेळावी.

कीबोर्डवाली
+१. आधी मोहीम.

जुना_बाजार
पुस्तकातली चित्रं एकदा बघाल तर एडिटर विसराल.

हायवे_४
मोहीम फुकट आहे हे सांगितलंच आहे वर.

रात्रपाळी
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

मोहीम उतरवली, रेल्वेचं मिशन खेळलो. डायमंडबॅक चांगला आहे, पण जड वाटतो. मला कोब्रा कायम हलका, पळता असा वाटत आला. म्हणून डेटा_शेतकरी यांनी नको म्हटलं तेच केलं, शून्यातून सुरुवात केली. टचपॅडवर एडिटर चालवणं जमेना म्हणून ६०० चा माउस घेतला, बाकी ९०० तसेच आहेत. कलेक्टर्स एडिशन नाही, हार्ट ऑफ द स्वार्म नाही.

मॉडेल हेलियन या टेरन गाडीचं घेतलं. हेलियनचं पहिलं नाव जॅकल होतं, तेही त्याच काळातलं, म्हणून शोभेल असं वाटलं. आठ दिवस युनिट उभं राहायचं पण गोळीच सुटायची नाही, कारण वेपनला इफेक्ट जोडायचा राहिला होता. मग वेपनमध्ये अलाउड मूव्हमेंट हे मूव्हिंगवर ठेवलं, आर्क, म्हणजे माऱ्याचा कोन, ३६० केला. काल रात्री दोन वाजता माझा कोब्रा चार मरॉडरच्या भोवती गोल फिरत पहिल्यांदा पळता पळता मारत होता. मी आवाज बंद ठेवला होता, घरचे झोपले होते, पण उठून उभा राहिलो.

आता सोल हंटर करायचा आहे. जितके जीव मारेल तितके त्याचे किरण वाढले पाहिजेत. डेटा_शेतकरी, प्रत्येक बळीमागे बिहेवियरचा एक स्टॅक चढवायचा, इतकं कळलंय. पण शत्रू जैविक आहे की यंत्र, हे व्हॅलिडेटरने (अट तपासणाऱ्या भागाने) तपासायचं की इफेक्टच्या सर्च फिल्टरने?

डेटा_शेतकरी
व्हॅलिडेटरने. फाइल पाठवा, शनिवारी बसून बघतो. आणि तुमचा कोब्रा मलाही द्या.