'संशयकल्लोळ'मध्ये हशा का येत नाही?

परभणीकर: गणेशोत्सवात उघड्या मंचावर 'संशयकल्लोळ' नाटकाचे निवडक प्रवेश आहेत, 40 मिनिटांत. संशयी नवरा फाल्गुनराव जीव तोडून ओरडतो, तरी लोक ढिम्म. तसबिरीचा प्रसंग तर पार फसतो. काय चुकतंय?

विंगेतला: ओरडणंच चुकतंय, दादा. फाल्गुनरावाला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नसतं. त्याचा संशय खराच हवा. रेवतीला घेरी येते, तो सावरतो, तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते, ती फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला सापडते. प्रेक्षकाला सगळं माहीत, पात्रांना अर्धंच. हशा तिथून येतो. म्हणून पडलेली तसबीर दोन क्षण एकटी दिसू द्या, भोवती गर्दी नको. आकार पोस्टकार्डाहून लहान नको आणि काच काढून टाका, नाहीतर दिव्यात नुसती चकाकते. आणि हशा पूर्ण विरेपर्यंत थांबू नका. ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाका.

लातूरची ताई: देवलांचं हे नाटक 1916चं, आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून, त्याच्या मागे फ्रेंच नाटककार मोलिएर. संशयी नवरा, नोकर, प्रेमी जोडी हे जुनेच साचे. इटालियन मुखवटा-नाट्यात म्हाताऱ्यांना नि नोकरांना मुखवटे, प्रेमिकांना नाहीत. तेच धरा: अश्विनशेठ-रेवतीनं तोंडं वाकडी करू नयेत.

परभणीकर: फाल्गुनरावाचा नोकर भादव्या आपल्या बोलीत बोलला तर?

विंगेतला: "काय करायलाव मालक" चालेल की! पण फक्त त्यालाच. सगळेच तसं बोलले तर मजा गेली. पदांना मात्र हात लावू नका.